रफू आणि ठिगळ



संध्याकाळची वेळ आहे. आपल्यापैकी काहींच्या घरी आता चूल पेटली असेल. चुलीपुढे बसलेली आजी फुंकणीने फुंकर घालते आणि मध्येच तिला खोकल्याची ढास लागते. कोणी विचारले तर म्हणते, "काही नाही रे, धूर गेला घशात. आणि आता वय झालंच की!" आजीने जन्मात बिडी ओढलेली नसते. तरी चार पायऱ्या चढताना तिला दम लागतो, थंडीत कफ सुटत नाही आणि फ्लू झाला की महिनाभर अंथरूण सुटत नाही.

मंडळी, हे नुसते वय नव्हे. हा एक रोग आहे, त्याला कारण आहे, आणि त्या कारणावर आपला पुष्कळसा हात चालतो. तेच आज सांगायचे आहे.

या रोगाला डॉक्टर लोक 'सीओपीडी' म्हणतात. श्वासनलिका आतून सुजून अरुंद होतात आणि त्यांच्या टोकाशी असलेले हवेचे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, झिजून फाटतात. दमा आणि हा रोग एक नव्हेत. दम्याचा रोगी अधल्यामधल्या दिवसांत बहुधा मोकळा श्वास घेतो. इथे मात्र वाट एकदा अरुंद झाली की ती सहसा पुरती मोकळी होत नाही. आपल्या देशात १९९० साली या रोगाचे सुमारे २ कोटी ८१ लाख रोगी होते. २०१६ साली ते सुमारे ५ कोटी ५३ लाखांवर गेले, असा आपल्याच देशातील संशोधकांचा अंदाज आहे.

आता फुफ्फुस आतून कसे असते ते पाहू. त्यात सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर एक चांगले मोठे खळे झाकून जाईल. या वायुकोशांना आतून दोन प्रकारच्या पेशींचे अस्तर असते. पहिल्या प्रकारच्या पेशी मलमलीसारख्या पातळ. त्यांच्यातून प्राणवायू रक्तात उतरतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी गुटगुटीत. वायुकोश मिटून चिकटू नये म्हणून त्या एक ओशट द्रव पाझरतात. शिवाय त्यांच्याकडे आणखी एक काम असते: मलमल फाटली की त्या वाढतात, चपट्या होतात आणि स्वतःच नवी मलमल बनतात.

आपण चांगल्या कापडाला रफू करतो ना, त्याच कापडाचा धागा काढून? तसेच हे. साध्या फ्लूनंतर आठपंधरा दिवसांत आपण कामाला लागतो, ते या रफूमुळे.

पण विषाणूने घाला जबर घातला आणि रफू करणाऱ्या पेशीच मेल्या तर? याचा शोध सिंगापूरमध्ये फ्रँक मॅकिऑन आणि वा शियान यांच्या प्रयोगशाळेने घेतला. उंदरांना इन्फ्लुएंझाची लागण झाल्यावर फुफ्फुसाचे मोठाले तुकडे उद्ध्वस्त झाले. तेव्हा बारीक श्वासनलिकांतल्या काही मूळपेशी भराभर वाढून त्या उजाड जागेत जाऊन बसल्या. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. फुफ्फुस मोठी मोडतोडही सावरू पाहते, हे त्यातून दिसले. पुढे २०१५ साली दुसऱ्या संशोधकांना असे आढळले की फार नासलेल्या जागी या पेशींचे पुष्कळदा खरे वायुकोश होत नाहीत. मधमाशांच्या पोळ्यासारखे पोकळ कप्पे मागे राहतात. भोक बुजते, पण कापड तेच नसते. याला रफू नव्हे, ठिगळ म्हणायचे.

हेच दोघे शास्त्रज्ञ पुढे अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी माणसांच्या फुफ्फुसांतील मूळपेशी एकेक वेगळी करून वाढवली. २०२० साली त्यांनी सांगितले की सीओपीडी झालेल्या फुफ्फुसात चार प्रकारच्या मूळपेशी सापडतात. एक नेहमीची, गुणी. बाकीच्या तीन बिघडलेल्या: त्यांच्यापासून कफाचे अस्तर, कातडीसारखे राठ अस्तर आणि सतत सूज पेटती ठेवणारे अस्तर तयार होते. विशेष म्हणजे या बिघडलेल्या पेशी निरोगी फुफ्फुसातही थोड्याशा असतात. अगदी जन्माआधीच्या बाळाच्या फुफ्फुसातही असतात. रोग्याच्या फुफ्फुसात मात्र त्यांचेच राज्य चालते. शेतात तण थोडेफार असतेच. पण पीक दबून तणच माजले, तर ते शेत काय कामाचे? या तीन पेशींना नेमके मारील असे औषध निघावे अशी संशोधकांची खटपट आहे. ते हाती येईपर्यंत आपण काय करायचे?

आपण धूर कमी करायचा. याचा पुरावा चीनमधल्या युन्नान प्रांतातील शुआनवेई या भागातून मिळतो. तिथले लोक घरात उघड्या खड्ड्यात कोळसा जाळीत. पुढे घरोघरी धुराडे असलेल्या चुली बसू लागल्या. संशोधकांनी वीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या नोंदी तपासून २००५ साली निष्कर्ष मांडला: अशा चुली बसवलेल्या घरांत पुरुषांना सीओपीडी होण्याचा धोका ४२ टक्क्यांनी आणि बायकांना २५ टक्क्यांनी कमी झाला. मात्र फायदा स्पष्ट दिसायला सुमारे दहा वर्षे लागली. म्हणजे आज बसवलेले धुराडे सुनेला आणि नातीला उपयोगी पडेल. आंबा लावतानाही आपण हाच विचार करतो, नाही का?

आपल्याकडे २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरी गॅस आला. तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून, किंवा पाणी तापवायला, चूल पेटतेच. पेटवायची झालीच तर अंगणात किंवा पडवीत पेटवा. घरातच असेल तर धुराडे काढा आणि वर झरोका ठेवा. लाकूड वाळलेले वापरा. तान्हे मूल चुलीपाशी निजवू नका.

बिडी ओढणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगतो. लंडनमधल्या ७९२ कामकरी पुरुषांच्या श्वासाची ताकद आठ वर्षे मोजली गेली. त्याचा अहवाल १९७७ साली आला. ज्यांनी सिगारेट सोडली त्यांची गेलेली ताकद परत आली नाही, पण पुढची घसरण मात्र न ओढणाऱ्या माणसाइतकी मंदावली. "आता सोडून काय उपयोग?" याचे उत्तर हेच. उरले आहे ते राखण्याचा उपयोग.

विषाणूच्या आजारातून उठल्यावर काय करावे? २०२० पासूनच्या करोनाच्या साथीत आपण पाहिले की ताप गेला तरी काहींचा दम महिनोन् महिने गेला नाही. आत दुरुस्ती चालू असते. त्या काळात धुरात बसू नये, बिडी ओढू नये. एकदम शेतीच्या कष्टाला न लागता रोज थोडे थोडे चालणे वाढवावे. दम वाढतच गेला, ओठ निळसर दिसू लागले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर आधी क्षयासाठी थुंकी तपासावी. जुनाट दम असेल तर स्पायरोमीटर नावाच्या यंत्रात फुंकून तपासणी होते. फुंकणी फुंकणाऱ्या आजीला त्यात अवघड काही नाही. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप दिला तर तो घ्यावा. "पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. औषध थेट फुफ्फुसात जाते म्हणून ते थोडके पुरते. आणि अशा रोग्याने दरवर्षी फ्लूची लस घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

शेवटी शिक्षकांकडे एक मागणे. ब्रिटनमध्ये १९४६ साली जन्मलेल्या मुलांवर संशोधक सगळा जन्म नजर ठेवून आहेत. दोन वर्षांच्या आत ज्यांना छातीचा मोठा आजार झाला, त्यांच्यात मोठेपणी श्वसनाच्या रोगाने अकाली मरण्याचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. म्हणून वर्गात श्वसनसंस्था शिकवाल तेव्हा आकृती काढून थांबू नका. "तुमच्या घरी चूल कुठे आहे? धूर कुठून जातो? धाकटे भावंड कुठे निजते?" असे विचारा. मुले ते प्रश्न घरी नेतील, आणि मोठ्यांना उत्तर द्यावे लागेल.

फुफ्फुस आपले रफू आपण करीत असते. दोरा त्याच्याकडे आहे, कसबही आहे. आपण फक्त त्याला धूर नसलेली जागा द्यायची.