फोटो दाखवा, पण छापायला देऊ नका

आज एका कॅलेंडरची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी वारीत रिंगणाचा फोटो काढला होता. धावणारा अश्व आणि मागे उडालेली धूळ. दिवाळीनंतर एका दुकानात गेलो, तर नव्या कॅलेंडरवर तोच फोटो! माझं नाव कुठेच नाही. छापणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, नेटवर होता, घेतला." राग आला. पण खरं सांगू? मूळ फाईल मीच ड्राइव्हच्या लिंकवर सगळ्यांना खुली ठेवली होती.

आता गणित बघा. चांगल्या छपाईला इंचाला साधारण ३०० पिक्सेल लागतात. माझी फाईल ६००० बाय ४००० ची, म्हणजे वीस इंच रुंद प्रिंट आरामात निघते. तोच फोटो लांब बाजूला १२०० पिक्सेल करून टाकला असता, तर जेमतेम चार इंच. मोबाईलवर मात्र छानच दिसतो.

बरेच जण डीपीआयचा आकडा ३०० चा ७२ करतात आणि निवांत होतात. त्याने काहीच होत नाही, पिक्सेल तेवढेच राहतात. कमी करायचे ते पिक्सेल. आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, तर मूळ फाईलच जाते बरं का!

नाव कोपऱ्यात टाकू नका, सहज कापलं जातं. मी आता अश्वाच्या पायाशी, धुळीत फिकट टाकतो. ते कापायला गेलं तर फोटोच बिघडतो.

हे कुलूप पक्कं नाही. फ्लेक्स लांबून बघतात, त्याला कमी पिक्सेलही चालतात. म्हणून मूळ फाईल जपा, वाद झाला तर तोच तुमचा पुरावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र पैसे घेऊन कुणाच्या लग्नाचे फोटो काढलेत आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा.

मूळ फाईल दाखवल्यावर तो माणूस वरमला. थोडे पैसे आणि दोन कॅलेंडरं दिली. एक स्वयंपाकघरात आहे. आई त्यावर दुधाचे खाडे लिहिते.

आज एवढंच करा, तुमच्या खुल्या लिंक तपासा. भेटू पुढच्या भागात!