पूर्वीसारखं होईल सगळं

२ नोव्हेंबर १९२० च्या रात्री पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले जात होते. रेडिओच्या इतिहासात ही रात्र मोलाची मानतात. निवडून आले होते ओहायोचे सिनेटर वॉरन हार्डिंग, ६० टक्के मतं घेऊन. त्यांचं मुख्य आश्वासन एकच होतं : सगळं पूर्वीसारखं होईल.

लोकांना ते का भावलं? महायुद्धात लाखाहून अधिक अमेरिकी माणसं गेली होती, इन्फ्लुएन्झाच्या साथीत सुमारे पावणेसात लाख. मागोमाग महागाई आली, पोलाद कामगारांचा संप झाला, बॉस्टनमध्ये तर पोलीसच संपावर गेले. शहराशहरांत वांशिक दंगली पेटल्या. अध्यक्ष विल्सन पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. अशात हार्डिंग बॉस्टनच्या सभेत म्हणाले, देशाला आता पराक्रमाची नाही, जखमा भरून येण्याची गरज आहे. मग प्रचाराचा बराचसा काळ ते मॅरियनमधल्या आपल्या घराच्या ओसरीवरूनच बोलले. ऐकायला लोक तिथे जात.

‘पूर्वीसारखं’ म्हणजे नेमकं कधीसारखं, हे सांगावं लागत नाही. कुणाला युद्धाआधीचे भाव आठवतात, कुणाला घरातली भरलेली पंगत. प्रत्येक मतदार त्यात आपापले बरे दिवस पाहतो. दमलेल्या माणसांची ही ओढ मला अगदी खरी वाटते. तिला कुणी हिणवू नये.

पण ज्यांच्या वाट्याला बरे दिवस आलेच नव्हते, त्यांचं काय? त्याच मतदानाच्या दिवशी फ्लोरिडातल्या ओकोई गावात कृष्णवर्णीय नागरिक मत द्यायला गेले, म्हणून गोऱ्या जमावाने माणसं मारली, वस्ती जाळली. वाचलेल्यांना गाव सोडावं लागलं. त्या जमावालाही सगळं पूर्वीसारखंच हवं होतं!

हार्डिंग स्वतः याच्या बाजूचे नव्हते. १९२१ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये जाऊन कृष्णवर्णीयांच्या राजकीय हक्कांबद्दल ते जाहीरपणे बोलले, झुंडबळीविरोधी कायद्यालाही त्यांनी पाठिंबा दिला. ते विधेयक १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये दक्षिणेतल्या सदस्यांनी अडवून धरलं. २०२० मध्ये, पुन्हा साथीच्याच वर्षी, देशाची घडी परत बसवण्याची ग्वाही देत जो बायडन निवडून आले. झुंडबळीविरोधी केंद्रीय कायद्यावर अध्यक्षांची सही झाली ती त्यांची, मार्च २०२२ मध्ये.