जोडी लावण्याआधी खुबा पाहा

लॅब्रॅडॉरची मादी दीड वर्षाची झाली, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'हिला एकदा तरी पिल्लं होऊ द्या, नाहीतर आजारी पडेल.' या समजुतीला पशुवैद्यकात काडीचाही आधार नाही. तरी स्टडचा, म्हणजे जोडीसाठी नराचा, शोध सुरू होतो. मोबाइलवर फोटो फिरतात, नराचं डोकं, शेपूट, रंग पाहिला जातो, केनेल क्लबचे पेपर मागितले जातात. खुबा मात्र कोणी पाहत नाही.

लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये हिप डिस्प्लेसिया बराच आढळतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत घट्ट बसत नाही, हलत राहतो आणि सांधा झिजतो. असं कुत्रं फरशीवरून उठताना सगळा भार पुढच्या पायांवर घेतं. पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारतं. घरचे कौतुकाने त्याचा व्हिडिओ काढतात! दोषाचं मूळ आईबापांकडून येतं, जास्तीचं वजन त्यात भर घालतं. आणि ज्यांच्यात दोष असतो, त्यांतली कित्येक कुत्री ऐन उमेदीत ठणठणीत दिसतात.

बाजरी पेरणारा शेतकरी काय करतो? बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतो. पोत्यात सगळे दाणे सारखेच दिसतात, पण पाण्यात पडले की हलके, रोगट दाणे वर तरंगतात. ते तो काढून टाकतो आणि खाली बसलेलं बी धुऊन, सावलीत वाळवून मगच पेरतो. पोत्यावरची चिठ्ठी वाचून तो थांबत नाही. पेपर म्हणजे ती चिठ्ठी. बाप कोण, आजा कोण, एवढंच ती सांगते. मिठाचं पाणी म्हणजे एक्स-रे. पेपर आहेत म्हणून एक्स-रे नको, असं म्हणणाऱ्यांनी हे पुन्हा ऐकावं: पेपरात खुबा दिसत नाही.

एक्स-रेसाठी कुत्र्याला सहसा गुंगी देऊन उताणं झोपवतात आणि मागचे पाय सरळ ताणून धरतात. अमेरिकेतली ओएफए ही संस्था 24 महिने पूर्ण होण्याआधी खुब्याचा कायमचा दाखला देत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन नियमांत मादीचं किमान वय 18 महिने आहे, बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वीण नको, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पण अठरा महिने ही किमान मर्यादा. त्या दिवशी जोडी लावलीच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही! आणखी सहा महिने थांबलं तर काय बिघडतं?

खुब्याबरोबरच नर-मादी दोघांचीही ब्रुसेला या जंतूसाठी तपासणी हवी. या जंतूने गर्भ पडतात आणि माणसालाही लागण होऊ शकते.

ज्यांच्या घरी मादी आहे, त्यांनी ती हीटवर यायची वाट पाहू नये. त्याआधीच पशुवैद्यकाकडे जाऊन तिच्या खुब्याचा एक्स-रे काढून घ्यावा आणि नराच्या मालकाकडेही त्याचा एक्स-रे मागावा. तो नाही म्हणाला, तर दुसरा नर शोधावा.