पाहुण्यांपुढे थोडं स्पष्ट



स्वागताध्यक्षाचं काम उतरण्या-जेवणाची सोय पाहण्याचं. ती सहकाऱ्यांनी चोख केली आहे; तिखटही बेतानंच घालायला सांगितलंय.

आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांतून आलेल्या आपल्याला पुणं नवं असेल, पण पुण्याच्या लसींचा आणि आपला परिचय जुना आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात धुळीच्या, कोरड्या महिन्यांत मेंदूज्वर पसरायचा. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोकांना लागण झाली, पंचवीस हजार दगावले. लसीच्या एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून जास्त परवडणार नाही, असं तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने त्या भावात लस दिली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. पुढे ती लस चाळीस अंशांपर्यंतच्या उष्म्यात बर्फाविना चार दिवस टिकते, हेही सिद्ध झालं. कुपीवरच्या उष्णतादर्शक खुणेत वर्तुळ असतं, आत फिकट चौकोन. उष्णतेने चौकोन वर्तुळाइतका काळवंडला की कुपी बाद. एवढं पाहून परिचारिका दूरच्या वस्तीवर निर्धास्त जाते. ज्या ‘अ’ गटाच्या जंतूवर ही लस होती, त्याच्या साथी आता थांबल्या आहेत.

याचा आम्हाला अभिमान आहे. पण यजमानाने तेवढंच बोलून खाली बसावं, हे मला पटत नाही. मार्च २०२१ मध्ये आमच्याकडे कोविडची लाट उसळली, लसींची निर्यात अडली आणि आपल्याकडे दुसऱ्या मात्रेची वाट पाहणारे तसेच राहिले. घरचं पोर तापलेलं असताना शेजारी औषध कोण पाठवतं? आम्हाला ते रास्त वाटलं. शेजाऱ्याला कसं वाटेल? २०२४ पासून आपल्याकडच्या बाळांना मिळणारी हिवतापाची आर-२१ लसही पुण्याचीच, आणि तिच्या चार मात्रा आहेत. पुन्हा निर्यात अडली, तर मात्रा अर्धवट राहिलेल्या मुलांचं काय?

आफ्रिकेत लागणाऱ्या लसींपैकी तिथे जेमतेम एक टक्का बनतात. २०४० पर्यंत साठ टक्के बनवायचं आफ्रिकी संघाने ठरवलं आहे. हे जमणार नाही म्हणणाऱ्यांनी डाकारची पाश्चर संस्था पाहावी. पीतज्वराची लस ती कित्येक दशकं बनवते आहे. घोडं अडतं ते भावापाशी. नव्या कारखान्याची लस सुरुवातीला महाग पडणार आणि खरेदीदार पुण्याचीच मागणार. तेव्हा इथल्या उत्पादकांनी गिऱ्हाईक जाईल म्हणून हात आखडू नये. तंत्र द्यावं, माणसं शिकवावीत.

या लसखरेदीवरची चर्चा कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या दुपारी होती, निम्मी माणसं विमानतळाच्या वाटेवर असताना. ती मी आज चहानंतर लगेच घ्यायला लावली आहे. कृपया सगळ्यांनी थांबावं.