चेहऱ्याचें औषध आणि डोळ्यांची राखण

रात्रपाळी संपवून मोटारसायकलीवरून घरीं परतणाऱ्या एखाद्या तरुणाला वाटूं लागतें कीं, गाडीचा दिवा मंद झाला आहे. तो दिवा बदलतो. तरीहि रस्ता अंधुकच दिसतो. दोष दिव्यांत नसून डोळ्यांत आहे, आणि त्याचें मूळ मुरुमांसाठीं चाललेल्या गोळ्यांत आहे, हें त्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं.

श्रोतेहो, तारुण्यपीटिका बहुधा वयाबरोबर ओसरतात. कांहीं जणांच्या मात्र खोल रुजतात, पिकतात व कायमचे व्रण ठेवून जातात. अशा हट्टी विकारावर आयसोट्रेटिनॉइन हें औषध खरोखर गुणकारी आहे. अमेरिकेंत त्यास १९८२ सालीं मान्यता मिळाली. हें औषध ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळांतील होय. या जीवनसत्त्वाच्या अभावीं रातांधळेपण येतें, हें सर्वश्रुत आहे. मग त्याच्याच नातलगाकडून डोळ्यांना उपद्रव कसा व्हावा?

याचें उत्तर औषधाच्या गुणांतच आहे. तें त्वचेंतील तेलाच्या ग्रंथी आक्रसवितें. म्हणून मुरुम सुकतात. परंतु पापण्यांच्या कडांनाहि तशाच ग्रंथी असतात. त्यांचें तेल अश्रूंवर पातळ तवंग धरतें व डोळ्यांचा ओलावा उडूं देत नाहीं. चेहरा कोणता व पापणी कोणती, हा भेद औषधाला कळत नाहीं. तवंग विरळ झाला म्हणजे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात. कॉन्टॅक्ट लेन्स खुपूं लागतात. तेवढ्या अवधीपुरता चष्मा वापरणें बरें. कृत्रिम अश्रूंच्या थेंबांनीं आराम पडतो, आणि औषध संपल्यावर हा त्रास बहुधा निवळतो.

रात्रींच्या दृष्टीची गोष्ट अधिक गंभीर आहे. डोळ्याच्या आंतील पडद्यांत ऱ्होडॉप्सिन नांवाचें द्रव्य असतें. उजेडानें तें विघटित होतें व अंधारांत ‘अ’ जीवनसत्त्वापासून पुन्हा घडतें. हें औषध त्या घडणीचा वेग मंदावतें. सारखी दिसणारी दुसरी किल्ली कुलुपांत शिरावी, पण कुलूप उघडूं नये, तसाच हा प्रकार. ही न्यूनता अचानक येऊं शकते, आणि क्वचित् औषध थांबविल्यावरहि रेंगाळते. ती जाणवतांच रात्रीं वाहन चालविणें बंद करून डॉक्टरांना कळवावें.

तिसरा उपद्रव विरळा, परंतु भयंकर. कवटींतील दाब वाढून दृष्टीच्या मज्जातंतूस सूज येते. डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन हीं औषधेंहि मुरुमांवरच देतात. तीं याच्या जोडीला घेतल्यास हा धोका वाढतो. म्हणून तीं एकत्र घेऊं नयेत. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्याहि घेऊं नयेत. तीव्र डोकेदुखी, ओकाऱ्या, धूसर दिसणें, एकाचीं दोन दिसणें, यांपैकीं कांहीं झाल्यास औषध थांबवून त्याच दिवशीं डॉक्टरांना गांठावें.

या औषधाला भिऊन पळण्याचें कारण नाहीं. मित्राच्या सांगण्यावरून तें परस्पर घेणें मात्र वेडेपणाचें होय. त्वचेच्या डॉक्टरांना डोळ्यांची हकीकत सांगावी, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना त्वचेच्या औषधाचें नांव सांगावें. मुरुम आरशांत दिसतो, घरच्यांनाहि दिसतो. अधू होऊं लागलेली दृष्टि मात्र दुसऱ्या कोणासच दिसत नाहीं. ज्याची त्यानेंच ती बोलून दाखविली पाहिजे.