त्या दहा-पंधरा सेकंदांत काय घडते?

मार्चअखेरची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. पतसंस्थेत व्याजाची आकारणी चालली आहे आणि एकाएकी सगळ्या काउंटरवरचे कनेक्शन तुटते. दहा-पंधरा सेकंदांत सारे पूर्ववत होते. "नेटवर्क गेलं असेल," कोणीतरी म्हणते आणि काम पुढे सरकते. मला बोलायचे आहे ते या सेकंदांबद्दल.

कारण कधी कधी नेटवर्क नव्हे, डेटाबेस सर्व्हर कोसळलेला असतो. उदाहरणाला पोस्टग्रेस हा डेटाबेस घेऊ. त्यात प्रत्येक कनेक्शनची स्वतंत्र प्रोसेस असते, पण या साऱ्या प्रोसेस मेमरीचा एक भाग सामाईक वापरतात. एखादीने आपल्या हद्दीबाहेरच्या पत्त्यावर हात घातला, की कर्नल तिला ११ क्रमांकाचा सिग्नल देऊन संपवतो. यालाच सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतात. मग पोस्टमास्टर, म्हणजे सगळ्यांवर देखरेख करणारी प्रोसेस, बाकीच्या निर्दोष प्रोसेसही बंद करते. कोसळलेल्या प्रोसेसने जाता जाता सामाईक मेमरी बिघडवली नसेल कशावरून? त्यानंतर मेमरी नव्याने मांडली जाते, डब्ल्यूएएल, म्हणजे बदलांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदी, पुन्हा लावून डेटा सुसंगत स्थितीत आणला जातो. पक्के झालेले व्यवहार टिकतात, अर्धवट राहिलेले रद्द होतात. एकाच्या चुकीपायी सगळ्यांचे काम थांबले, अशी तक्रार होते. मला हे वागणे पूर्ण योग्य वाटते. खातेदाराला पाच मिनिटे थांबवता येईल, पण चुकीची शिल्लक गुपचूप लिहिली गेली तर ती कधी आणि कोण शोधणार?

अडचण अशी, की सर्व्हर आपोआप उठतो आणि तपास तिथेच संपतो. म्हणून आधी लॉग उघडा. सिग्नलचा क्रमांक तिथे असतो आणि बहुधा पुढच्याच ओळीत ती प्रोसेस कोणती क्वेरी चालवत होती तेही. क्रमांक ९ असेल तर वाट वेगळी: मेमरी संपल्यामुळे लिनक्सनेच तिला मारले असण्याची शक्यता मोठी. ११ असेल तर कर्नलचा लॉग पाहा. सेगफॉल्टच्या ओळीत कोणत्या पत्त्याला हात लागला ते असते. शून्य पत्ता दिसला, तर कुठेच न दाखवणारा पॉइंटर वापरला गेला असे समजावे. त्याच ओळीत पुढे बहुतेक वेळा लायब्ररीचे नाव असते. ते एखाद्या एक्स्टेन्शनचे निघाले, तर पहिला संशय तिच्यावर. सर्व्हरची आवृत्ती बदलली आणि एक्स्टेन्शन जुनीच राहिली, असे झाले नाही ना, हे तपासा. नाव एलएलव्हीएमचे असेल तर त्याच्या आधारे क्वेरीचे मशीन कोड बनवणारी जेआयटी सोय बंद करून तीच क्वेरी चालवून पाहा. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीत जेआयटी मुळातच चालू ठेवली गेली.

खरा पुरावा मात्र कोर फाइल, म्हणजे मरणाच्या क्षणी प्रोसेसच्या मेमरीत जे होते त्याची प्रत. डीबग सिम्बॉल बसवून ती जीडीबी या डीबगरमध्ये उघडली, की कोणत्या फंक्शनमधून कोणत्या फंक्शनमध्ये जाताना घात झाला ते बॅकट्रेस दाखवतो. दोन-तीन क्रॅशचे बॅकट्रेस शेजारी ठेवा. दर वेळी तीच क्वेरी, तीच जागा असेल तर दोष बहुधा कोडमध्ये. दर वेळी भलतीच जागा असेल तर रॅमवर संशय घ्या, यंत्र बाजूला काढा आणि रात्रभर मेमटेस्ट चालवा. आणि हे विसरू नका: कोर फाइलमध्ये खातेदारांची नावे, शिल्लक, कदाचित पासवर्डसुद्धा असतात. मदत मागताना बॅकट्रेस द्या, तोही वाचून. कोर फाइल कोणालाही पाठवू नका.

काहीही दुरुस्त करण्याआधी सर्व्हर थांबवून डेटा डिरेक्टरीची पूर्ण प्रत घ्या. घाईत केलेल्या दुरुस्तीने पुरावा तर जातोच, कधी डेटाही जातो.

कोर फाइलच्या आकाराची मर्यादा पुष्कळ लिनक्स यंत्रांवर शून्य असते, म्हणजे सर्व्हर कोसळला तरी फाइल उरतच नाही. तुमच्या सर्व्हरवर ही मर्यादा किती आहे, एवढे उद्या कामावर गेल्यावर नक्की पाहा.