पाऊसपाण्याची माहिती सगळ्यांच्या हाती: मोबाईलवरचे ॲप कसे असावे?



आज मी बियाण्यावर किंवा खतावर बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते हवामानाच्या माहितीवर, आणि ती माहिती देणाऱ्या मोबाईलवरच्या ॲपवर. तुम्ही म्हणाल, ॲप तयार करणं हे शिकलेल्या पोरांचं काम, त्यात आमचा काय संबंध? संबंध आहे. औत कसं असावं हे सुताराला शेतकरीच सांगतो. मग ॲप कसं असावं हेही शेतकऱ्यानंच सांगायला हवं. आजकाल सरकारी खाती, विद्यापीठं, कंपन्या, कॉलेजची मुलं अशी ॲप बनवतात आणि गावात येऊन विचारतात, "काका, तुम्हाला काय पाहिजे?" आपण म्हणतो, "काही पण करा, बरं होईल." असं म्हणून चालणार नाही. काय पाहिजे ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

आधी थोडं मागचं सांगतो. पुण्याला हवामान खात्याची शेतीसाठी वेगळी शाखा निघाली ती १९३२ साली. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीचं हवामानवृत्त रेडिओवरून जाऊ लागलं. म्हणजे आकाशाची खबर शेतापर्यंत पोचवायची धडपड काही आजची नाही. रेडिओ संपूर्ण विभागाचं सांगत असे. मोबाईल आपल्या जिल्ह्याचं, तालुक्याचं सांगू शकतो, एवढा फरक झाला.

आज हाताशी काय काय आहे, ते पाहू. 'मेघदूत' नावाचं ॲप २०१९ साली निघालं. भारतीय हवामान विभाग, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी मिळून ते केलं. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, हवेतला दमटपणा आणि वारा यांचा अंदाज असतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा पीकसल्लाही त्यातून मिळतो. 'मौसम' हे ॲप हवामान विभागानं २०२० साली काढलं. 'दामिनी' हे ॲप विजेची सूचना देतं. शिवाय 'महावेध' प्रकल्पात २०१७ पासून आपल्या राज्यात महसूल मंडळांच्या हिशेबानं दोन हजारांवर आपोआप नोंद करणारी हवामान केंद्रं उभी राहिली.

म्हणजे माहिती आहे, तिचा दुष्काळ नाही. तरी मृगाचा पहिला शिडकावा झाला की तिफण बाहेर निघते, पुढं पंधरा दिवस उघडीप पडते आणि दुबार पेरणीची पाळी येते. बियाण्याची पिशवी गेली, खत गेलं, मजुरी गेली. अशा वेळी फोन खिशातच असतो. मग माहिती असून ती उपयोगी का पडली नाही? कारण ती आपल्याला कळेल अशी मांडलेली नव्हती. म्हणून ॲप करणाऱ्याला पुढील सात गोष्टी सांगाव्यात.

पहिली गोष्ट : आकडा द्या, आणि त्याचा अर्थही द्या.

"काल १२ मिलिमीटर पाऊस झाला," असं ॲप सांगतं. बरं मग? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. एका एकराला ते साधारण चार हजार लिटर होतं, म्हणजे दोनशे लिटरची वीस पिंपं. हे असं सांगितलं की आकडा डोळ्यापुढं उभा राहतो. पण पेरणीला एका दिवसाचा आकडा पुरत नाही. कोरडवाहू सोयाबीनसारख्या खरीप पिकाची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्यावर, वापसा पाहून करावी, अशी शिफारस आहे. तेव्हा ॲपनं पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात सांगावं : "एक जूनपासून आजपर्यंत इतका पाऊस. पेरणीला अजून इतका कमी." या एका ओळीनं किती पिशव्या बियाणं वाचेल, याचा तुम्हीच हिशेब करा.

दुसरी गोष्ट : हवामान खात्याचे शब्द फोडून सांगा.

"तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. आपल्या शिवारात थेंब पडला नाही की म्हणतो, अंदाज खोटा. पण 'तुरळक ठिकाणी' याचा ठरलेला अर्थ आहे. त्या भागातल्या शंभर केंद्रांपैकी फार तर पंचवीस केंद्रांवर पाऊस. म्हणजे पाऊण भाग कोरडा राहिला तरी अंदाज बरोबरच. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण भागापर्यंत. तसंच २४ तासांत अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस, त्यापुढं ६४ पर्यंत मध्यम, आणि त्याहून जास्त म्हणजे जोरदार. शब्दावर बोट ठेवलं की त्याचा असा अर्थ ॲपमध्ये दिसला पाहिजे. तो कळला की कुणी 'तुरळक' ऐकून पेरायची घाई करणार नाही.

तिसरी गोष्ट : माहिती कुठली आणि किती वाजताची, ते सांगा.

एका महसूल मंडळात बरीच गावं येतात आणि केंद्र एका ठिकाणी असतं. वळवाचा पाऊस तर ओढ्याच्या या काठाला पडतो आणि त्या काठाला पडत नाही. म्हणून "तुमच्या गावात २० मिलिमीटर" असं ॲपनं ठोकून सांगू नये. "अमुक गावच्या केंद्रावर, तुमच्यापासून इतक्या किलोमीटरवर, आज सकाळी साडेआठपर्यंत २० मिलिमीटर," असं सांगावं. मोजलेला पाऊस आणि पुढचा अंदाज हे दोन्ही वेगवेगळं दाखवावं. झालेलं आणि होणारं एकाच रकान्यात घातलं की घोटाळा होतो. आणि माहिती दोन दिवसांची शिळी असेल तर "ही परवाची आहे" असं वरच लिहावं. शिळी भाकरी खाता येते, पण शिळ्या अंदाजावर फवारणी केली तर औषध धुऊन जातं.

चौथी गोष्ट : वाचता न येणाऱ्यालाही ते कळावं.

गावात अजून अशी कितीतरी वडीलधारी माणसं आहेत की ज्यांना अक्षरओळख नाही, किंवा असली तरी चष्म्याविना बारीक अक्षर दिसत नाही. ॲपवर एक मोठं बटण असावं. ते दाबलं की साध्या मराठीत, आपण बोलतो तसं, आजची खबर ऐकू यावी. "सापेक्ष आर्द्रता" न म्हणता "हवेतला दमटपणा" म्हणावं. इशाऱ्याला हवामान खातं हिरवा, पिवळा, नारंगी आणि लाल असे चार रंग वापरतं. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. पण काही माणसांना लाल आणि हिरवा हा फरकच दिसत नाही. आणि भर उन्हात शेतात उभं राहिलं तर पडद्यावरचा रंग कुणालाच धड दिसत नाही. म्हणून रंगासोबत चित्र असावं, शब्द असावा आणि आवाजही असावा.

पाचवी गोष्ट : रेंज नसताना आणि जुन्या फोनवरही ते चालावं.

शिवारात रेंज कुठं असते? बांधावरच्या बाभळीखाली, नाहीतर माळावर. सकाळी गावात रेंज मिळाली तेव्हा आलेली माहिती फोनमध्ये साठून राहावी आणि दिवसभर शेतात पाहता यावी. ॲप हलकं असावं. पाच-सहा वर्षांच्या फोनवर ते उघडलं पाहिजे. नुसती शोभेची चित्रं घालून जड केलेलं ॲप शहरात चालेल, आपल्याकडं फिरत राहील गोल गोल. आणि बटणाचा साधा फोन असेल त्याला हीच खबर दोन ओळींच्या संदेशानं मिळावी.

सहावी गोष्ट : विजेची सूचना शेतात राबणाऱ्यापर्यंत पोचावी.

ही जिवाची बाब आहे. पावसाळ्याच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात आपल्याकडं विजा पडतात आणि माणसं दगावतात, गुरं दगावतात. दामिनी ॲप आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सूचना देतं. पण फोन कुणाजवळ असतो? बहुधा घरातल्या पोराजवळ, आणि पोरगा असतो तालुक्याला. शेतात खुरपणी करणाऱ्या बायांकडं, गुरं राखणाऱ्याकडं फोन नसतो. म्हणून अशी सोय हवी की एका फोनवर इशारा आला की तो वस्तीवरच्या पाच-दहा जणांना आपोआप जावा, आणि फोन मुका करून ठेवला असला तरी तो वाजावा.

तोपर्यंत हे लक्षात ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर धरा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम सोडा आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. आसरा नसेल तर उघड्यावर पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे पडू नका.

सातवी गोष्ट : माहिती वरून खाली यावी, तशी खालून वरही जावी.

आपल्या शिवारातला पाऊस आपणच मोजला तर? फार अवघड नाही. सपाट बुडाचा, सरळ भिंतीचा डबा किंवा काचेची बरणी घ्या. झाडापासून, घरापासून लांब, मोकळ्या जागी घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला आत जमलेल्या पाण्याची उंची मोजपट्टीनं मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. वहीत लिहा, डबा रिकामा करा, परत ठेवा. मात्र तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं पाहिजे, नाहीतर माप चुकेल.

असं गावोगाव झालेलं आहे. त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत २००३ नंतरच्या काही वर्षांत शेतकरी बायामाणसांनी स्वतः पाऊस मोजला, विहिरी-बोअरची पाणीपातळी मोजली आणि ते आकडे गावातल्या भिंतीवर सर्वांना दिसतील असे लिहिले. रब्बीच्या आधी गाव एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद करी. कुणी सक्ती केली नाही. आकडे पुढं आल्यावर जास्त पाण्याची पिकं कमी करायचं लोकांनीच ठरवलं. आपल्याकडं हिवरे बाजारनं तेच केलं. पाऊस किती झाला त्यावर पाण्याचा हिशेब आणि हिशेबावर पिकं, अशी रीत त्या गावानं घातली. म्हणून ॲपमध्ये गावाची नोंद भरायला जागा असावी. सरकारी केंद्राचा आकडा आणि गावाचा आकडा शेजारी शेजारी दिसावा. महसुली हिशेबात ६५ मिलिमीटरवर पाऊस गेला की अतिवृष्टी धरतात, आणि नोंद धरली जाते ती मंडळाच्या केंद्राची. गावाजवळ तारीखवार वही असेल तर निदान आपलं म्हणणं आकड्यानिशी मांडता येईल.

आता एक सावधगिरी. हवामानाच्या ॲपला तुमचं ठिकाण कळावं लागतं, त्याशिवाय तुमच्या भागाचा अंदाज देता येत नाही. पण एखादं ॲप तुमच्या फोनमधले नंबर, फोटो, बँकेची माहिती किंवा ओटीपी मागू लागलं तर ते ताबडतोब काढून टाका. पाऊस सांगायला बँकेचं खातं लागत नाही.

मग या हंगामात आपण काय करायचं? चार कामं करा. एक, घरातल्या ज्याच्याकडं स्मार्टफोन असेल त्याच्याकडून मेघदूत आणि दामिनी घालून घ्या, आणि भाषा मराठी करून घ्या. दोन, गावात एक-दोन डबे बसवून रोजचा पाऊस लिहा. शाळेतली मुलं हे काम आनंदानं करतात. तीन, ग्रामपंचायतीपुढं किंवा दूध डेअरीपुढं एक काळा फळा लावा. सकाळी दूध घालायला सगळेच येतात. त्यावर खडूनं तीनच ओळी लिहा : काल किती पाऊस झाला, एक जूनपासून किती झाला, पुढच्या पाच दिवसांत काय अंदाज आहे. ज्याच्याकडं फोन नाही, त्याचं ॲप म्हणजे हा फळा. चार, या फळ्यावरचं बायांना आणि मजुरांना वाचून दाखवायची जबाबदारी एकानं घ्या.

भगिनींना एक वेगळं सांगणं आहे. घरात फोन एकच असेल तर तो सकाळी दहा मिनिटं तुमच्याही हातात आला पाहिजे. खुरपणी, काढणी, वाळवण, जनावरांची वैरण ही कामं तुम्ही करता. उद्या पाऊस आहे हे तुम्हाला आज कळलं तर मळणीचा माल भिजणार नाही.

आणि बंधूंनो, ॲप कितीही चांगलं झालं तरी ते सल्ला देईल, पेरणार तुम्हीच. जमीन हलकी की भारी, ओल किती खोल गेली, हे मुठीत माती घेऊनच कळतं. अंदाज पाहा, माती पाहा आणि मग तिफण जोडा. पुढच्या वेळी कुणी ॲपवाला गावात आला तर त्याला चहा पाजा आणि या सात गोष्टी एकेक करून विचारा. काही अडलं, तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात जरूर या.